भिंगरीचा काही नेम नाही

गणिताच्या बाई फळ्यावर त्रिकोण काढत होत्या आणि तिसऱ्या बाकावरची भिंगरी त्याच वेळी चार कामं करत होती. उजव्या पायाने बाकाच्या दांडीवर ठेका धरला होता. डावा हात खोडरबराचे बारीक तुकडे पाडण्यात गुंतला होता. उजव्या हातातल्या पेनचं टोपण उघडमीट करत होतं आणि वेणीचं टोक दातांत होतं. त्रिकोणाची तिसरी बाजू पुरी व्हायच्या आत तिची पत्र्याची कंपासपेटी खाली पडली. नववीच्या वर्गात त्या आठवड्यात ती अकराव्यांदा पडली होती.

बाईंनी खडू ठेवला. "उभी राहा."

भिंगरी उभी राहिली.

"सरळ उभी राहा!"

"सरळच आहे, बाई."

"मग हलतंय कोण?"

"ते आपोआप होतं, बाई," भिंगरी अगदी मनापासून म्हणाली.

हजेरीपटावर तिला चांगलं चार अक्षरी नाव होतं. पण ते पुकारलं की ती स्वतःच 'कोण बरं ही?' म्हणून इकडेतिकडे बघायची. घरीदारी सगळे तिला भिंगरीच म्हणत.

बाई वर्गशिक्षिकाही होत्या, आणि आज त्यांच्या सहनशक्तीचा बांध फुटला होता. त्यांनी वहीचं पान टरकन फाडलं आणि मुख्याध्यापिकाबाईंना चिठ्ठी लिहिली : 'ही चिठ्ठी घेऊन येणारी मुलगी एक क्षण स्वस्थ बसत नाही. तिच्यामुळे वर्गाला आणि मला शिकणं-शिकवणं अशक्य झालं आहे. आपल्या पद्धतीने समज द्यावी.'

पान फाडलंच होतं, तर बाईंना दुसरं एक राहून गेलेलं काम आठवलं. शाळेचे क्रीडाशिक्षक दोन आठवडे त्यांच्या मागे लागले होते. एअर रायफलच्या संघात तिघी मुली होत्या, चौथी मिळत नव्हती. 'नेम मी शिकवीन हो बाई, फक्त एका जागी उभी राहणारी मुलगी द्या,' असं सर येताजाता विनवत. बाईंनी उरलेल्या पानावर त्यांना लिहिलं : 'ही चिठ्ठी घेऊन येणारी मुलगी तुमच्या कामाची आहे. तासभर बसली तरी हलत नाही. कधी कधी मीच तिला हाक मारून खात्री करून घेते.'

ही दुसरी मुलगी पहिल्या बाकावर बसायची. तिला वर्ग मूर्ती म्हणायचा. मूर्ती बोलायची नाही, हसायची नाही, आणि तिला शिकवलेलं समजलं आहे की नाही, ते परीक्षेचा निकाल लागेपर्यंत कळायचं नाही. तो उत्तम लागायचा.

"दोघी जा. चिठ्ठीवर लिहिलंय त्यांच्याकडेच द्यायची. वाटेत उघडायची नाही."

व्हरांड्यात भिंगरीच्या बुटाची नाडी सुटली. तिच्या नाड्या सुटायलाच बांधलेल्या असत. "धर गं जरा," म्हणत तिने आपली चिठ्ठी मूर्तीच्या हातात दिली, खाली बसून नाडी बांधली, चिठ्ठी परत घेतली आणि वर काय लिहिलंय ते वाचलं. 'क्रीडाशिक्षक यांस.' म्हणजे मैदानाला दहा फेऱ्या! चला, ओरडा खाण्यापेक्षा बरं. ती आनंदाने पळत सुटली.

क्रीडाशिक्षक मैदानापलीकडच्या लांबोळक्या खोलीत होते. पूर्वी तिथे सुतारकामाचे वर्ग भरत. आता एका टोकाला चार टेबलं होती आणि बरोबर दहा मीटरवर, दुसऱ्या टोकाला, जाड फळ्यांवर चार टार्गेटं लावलेली होती. सर देहाने आडवे, आवाजाने मऊ. गळ्यात शिटी असायची, पण ती वाजलेली कोणी ऐकली नव्हती. त्यांनी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मग भिंगरीकडे असं पाहिलं की तिने मागे वळून कोण आलंय ते बघून घेतलं.

"अगदी देवासारखी धावून आलीस, बाळ," सर म्हणाले. "आज संध्याकाळपर्यंत चार नावं पाठवायची होती. गेल्या वर्षी तिघीच होत्या, तर आम्हाला स्पर्धेच्या दारातून परत पाठवलं. या वर्षीही उतरलो नाही तर ही खोली मोडके बाक ठेवायला द्यायची, असं ठरलंय. तू आलीस, फार बरं झालं. फार उपकार झाले."

काहीतरी घोटाळा आहे, हे भिंगरीला तेव्हाच समजलं. सांगायला तिने तोंडही उघडलं. पण आजवर तिला लोकांनी 'जा बघू आता' हेच म्हटलं होतं. मावशीने म्हटलं होतं, शेजाऱ्यांनी म्हटलं होतं, ग्रंथालयाच्या बाईंनी तर दोनदा म्हटलं होतं. 'तू आलीस, फार बरं झालं' असं म्हणणारा हा पहिलाच माणूस तिला जन्मात भेटला होता, आणि त्याचे डोळे चक्क पाणावले होते. भिंगरीने तोंड मिटलं. सरांनी तिचं नाव अर्जावर लिहिलं.

"पहिला नियम. बंदुकीचं तोंड कायम टार्गेटकडे. दुसरा, मी सांगेपर्यंत चापाला बोट लावायचं नाही. आणि आज बंदूकच नाही. आज पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं."

चाळीस सेकंद सगळं सुरळीत पार पडलं. मग नाकाच्या शेंड्याला खाज सुटली. नाक झालं, तर गुडघा. गुडघा झाला, तर पायाने ठेका धरला.

"नवी जागा आहे, बिचारी संकोचलीय," सर कप्तानला हळूच म्हणाले. कप्तान दहावीतली मुलगी, तीन वर्षं संघात असलेली. तिने भिंगरीकडे पाहिलं. "सर, ही संकोचलेली वाटत नाही. हिला मुंग्या चावताहेत असं वाटतंय."

"छे छे. बाईंनी लिहून दिलंय. गणिताच्या बाई आहेत त्या, उगाच काही लिहायच्या नाहीत."

आणि तिथून पुढे रोज शेवटच्या तासाच्या सरावात भिंगरीने काहीही केलं तरी सर ते चिठ्ठीच्या उजेडात बघायचे. तिच्या हातून छर्ऱ्यांची डबी सांडली, तर 'डबीचं झाकणच सैल आहे'. ती दोन्ही पायांवर डुलायला लागली, तर 'तोल शोधतेय, हुशार आहे'. हातात बंदूक आली त्या दिवशी तिने दहा छर्रे मारले. त्यातले तीन कागदाला लागले. दोन तर कप्तानच्या कागदाला.

"पल्ला मोठा आहे हिचा," सर म्हणाले.

पालकांच्या संमतीचा अर्ज घेऊन ती घरी गेली. वडील शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागे संसार. बाबांनी अर्ज वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली.

"अगं, जरा बाहेर ये. शाळेत आपल्या मुलीच्या नावाची दुसरी कोणी आहे का?"

"का? काय केलं हिनं?" आईने हातातलं काम टाकून विचारलं. हा प्रश्न तिच्या तोंडात कायम तयारच असे.

"हिची निवड झालीय. 'अत्यंत स्थिर स्वभावामुळे.'"

आई तिथेच स्टुलावर बसली. "अहो, ही पोटात होती तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, हिला जरा थांबायला सांगा, ठोके मोजायचे आहेत."

भिंगरीने मग दोघांना सगळं खरं सांगून टाकलं. आई म्हणाली, उद्या जा आणि सरांची माफी माग. बाबांनी मात्र मशीनचं चाक हाताने थांबवलं. "त्यांनी 'उपकार झाले' म्हटलं?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा. 'फार' उपकार."

"मग माफी नको मागूस. स्थिर हो."

"कशी?"

"माप देताना गिऱ्हाईक उभं राहतं तशी. उद्यापासून शाळा सुटली की दुकानात उभी राहत जा, पुतळ्याशेजारी. तो वीस वर्षं हललेला नाही, त्याच्याकडून काही शिकता आलं तर बघ."

ही कल्पना वाईट नव्हती. दोन दिवस भिंगरी पुतळ्याच्या बाजूला, अंगात गिऱ्हाइकाचा अर्धवट शिवलेला कोट घालून उभी राहिली. तिसऱ्या दिवशी ती सलग चार मिनिटांवर पोहोचली होती, तेवढ्यात एक बाई कापड घेऊन आल्या. बाबा आत दोरा आणायला गेले होते. बाईंनी दोन्ही पुतळ्यांभोवती फेरी मारली आणि आतल्या दिशेने आवाज दिला, "नवा पुतळा आणलात वाटतं? किती जिवंत वाटतो हो! नाक तेवढं बिघडवलंय बनवणाऱ्यानं."

"काय झालं नाकाला?" पुतळ्याने विचारलं.

बाईंनी जी किंकाळी फोडली ती समोरच्या चांभारालाही ऐकू गेली. त्या मागे सरकल्या त्या बटणांच्या फळीवर. फळी आली खाली. पांढरी, काळी, सोनेरी, दोन भोकांची, चार भोकांची, दुकानात होती नव्हती तेवढी सगळी बटणं रस्त्यापर्यंत घरंगळत गेली. बाईंना पाणी दिलं, खुर्ची दिली, त्यांचं कापड उद्याच शिवून द्यायचं कबूल केलं. घरातली तिन्ही माणसं दिवस मावळेपर्यंत गुडघ्यांवर रांगत बटणं वेचत होती.

"मुलगी थांबत नसेल, तर कापडानं तिला थांबवायला हवं," हातातलं शेवटचं बटण डबीत टाकत बाबा म्हणाले. "तुमच्यात ते जाकीट घालतात ना, ते आण."

नेमबाजीचं जाकीट जाड असतं, अंगाला आधार देतं. शाळेतलं जाकीट भिंगरीला दोन मापं मोठं होत होतं, म्हणून सरांनी ते आनंदाने बाबांकडे पाठवलं. बाबांनी ते तिच्या मापाला आत घेतलं आणि मग त्यांच्यातला कारागीर पेटला. कोटाच्या कॉलरमध्ये घालतात तो ताठ कॅनव्हास त्यांनी पाठीला दुहेरी लावला. खांद्याला तिहेरी. कमरेला पट्टा, वर दाट टिपा. तीन सुया मोडल्या. जाकीट तयार झालं तेव्हा ते खुंटीवर टांगायची गरजच उरली नाही. जमिनीवर ठेवलं की आपलं आपण उभं राहायचं.

त्या जाकिटात भिंगरी हलायची कशी? श्वास घेता येत होता हेच पुष्कळ. नाकाला खाज सुटली तरी हात तिथवर पोहोचायचा नाही. टार्गेटवरची छिद्रं हळूहळू काळ्या वर्तुळात शिरू लागली. शंभरपैकी एकतीस होते त्याचे अठ्ठेचाळीस झाले, मग त्र्याहत्तर. सर रोज तो कागद खिडकीशी धरून त्यातून आलेला उजेड बघायचे आणि म्हणायचे, "बाईंचे आभार मानायला हवेत."

त्यांनी ते मानलेही. शिक्षकांच्या खोलीत ते गणिताच्या बाईंना म्हणाले, "तुम्ही पाठवलेली मुलगी म्हणजे रत्न आहे." बाईंना मूर्ती आठवली. त्या म्हणाल्या, "मला ठाऊकच होतं." मग बाईंनी मुख्याध्यापिकाबाईंचे आभार मानले, कारण शेवटच्या तासाला वर्गात भिंगरी दिसत नव्हती आणि वर्ग शांत होता. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "त्या मुलीला मी पहिल्याच नजरेत गार केलं. रोज शेवटचा तास माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर बसवते. हूं की चूं नाही!" ही गोष्ट त्यांनी पुढे सगळ्या शिक्षकांच्या सभेतही सांगितली. आपण काय जादू केली ते वर्णन करायला त्यांना वीस मिनिटं लागली. शाळेत एवढी कृतज्ञता पूर्वी कधी नांदली नव्हती.

भिंगरीच्या मनाला मात्र टोचणी लागली. रोज मैदानाकडे पळताना तिला त्या बाकावर मूर्ती दिसायची. ताठ, मुकाट, आपली शिक्षा भोगत बसलेली. जागा तिची, कौतुक तिचं, आणि ते खातंय कोण? स्पर्धेला आठवडा उरला, तेव्हा भिंगरीला राहवेना. ती बाकाशी जाऊन उभी राहिली.

"मूर्ते, माझं चुकलं गं. आपल्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झालीय. तू माझी शिक्षा भोगतेस. मी आत्ता सरांना सांगते आणि..."

"खबरदार," मूर्ती म्हणाली.

भिंगरी दचकली. मूर्तीचा आवाज तिने प्रथमच एवढ्या जवळून ऐकला होता. चांगला ठसठशीत आवाज होता.

"अदलाबदल झाली नाही. मी केली," मूर्ती म्हणाली. "तू नाडी बांधत होतीस तेव्हा मी दोन्ही वाचल्या."

"बाईंनी उघडायची नाही म्हटलं होतं!"

"म्हणून तर पटकन वाचल्या. मला बंदुकीचा आवाज सहन होत नाही. दार आपटलं तरी छातीत धस्स होतं. आणि नाही म्हणायला गेले असते, तर का, कशाला, असं सगळं बोलावं लागलं असतं." तिने दप्तर किंचित सरकवलं. त्याच्या आडून मांडीवरची जाडजूड कादंबरी दिसली. "ही पाचवी. आयुष्यभर सगळे मला म्हणत आले, बोल, बोल, काहीतरी बोल. इथे बाई दर पंधरा मिनिटांनी डोकावतात आणि म्हणतात, गप्प बस. भिंगरे, इतकं सुख मला कुणी दिलं नव्हतं. तुझी शिक्षा मला फार मानवली."

"तुझी जागासुद्धा मला फार मानवली," भिंगरी म्हणाली. एवढे दिवस छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी अलगद उचलावा तसं तिला झालं. तिने मूर्तीला मिठीच मारली. मूर्तीने ती सहन केली.

"पण एक वचन दे," मूर्ती म्हणाली. "तुझं तू काय हवं ते सांग. माझं नाव सरांच्या कानावर जाता कामा नये. चिठ्ठीत माझ्याविषयी काय लिहिलंय ते मी वाचलंय. कळलं, तर ते मला उचलून नेतील."

"वचन," भिंगरी म्हणाली. मूर्तीने पान उलटलं. भेट संपली होती.

स्पर्धा दुसऱ्या एका शाळेच्या मोठ्या सभागृहात होती. आठ शाळा, प्रत्येकीच्या चार मुली. चौघींच्या गुणांची बेरीज, आणि पहिले पाच संघ पुढच्या फेरीत. बाबा दुकान बंद करून आले होते. गणिताच्या बाई आणि मुख्याध्यापिकाबाई त्या रत्नाला बघायला येणार होत्या, त्या अजून वाटेत होत्या.

दाराशी तपासणीचं टेबल होतं. तिथे एक बारीक चणीचे परीक्षक बंदुका तोलत होते, जाकिटं मोजत होते. त्यांनी भिंगरीचं जाकीट यंत्राखाली धरलं. जाकीट वाकायला हवं होतं तेवढं वाकेना. त्यांनी जोर लावला. यंत्राचाच पाय उचलला गेला.

"हे जाकीट आहे की दार?" परीक्षकांनी विचारलं. "हे चालणार नाही."

बाबा गर्दीतून पुढे आले. "का चालणार नाही? शिलाईत काही खोट आहे?"

"खोट नाही हो, हीच तर पंचाईत आहे. जाकीट किती ताठ असावं याला नियम आहे. हे घालून तर झोपलेला माणूससुद्धा उभा राहील."

"मग मी आत्ता उसवून देतो. कात्री आहे खिशात."

"वीस मिनिटं आहेत."

बाबांनी आपणच घातलेल्या टिपांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "दोन तास लागतील," ते म्हणाले. "मी शिवलंय ना."

दुसरं जाकीट नव्हतं. एक तर बिनजाकिटाचं उभं राहायचं, नाही तर परत जायचं. भिंगरी परत गेली की चौथी नाही. चौथी नाही की संघ नाही, आणि सुतारकामाच्या त्या खोलीत मोडके बाक. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बाबांनी अंगातला स्वेटर काढून तिला दिला. तो तिला गुडघ्यांपर्यंत आला.

मागच्या खुर्च्यांवर मुख्याध्यापिकाबाईंसोबत येऊन बसलेल्या गणिताच्या बाईंनी नेमबाजांच्या रांगेकडे पाहिलं. ढगळ स्वेटर, हलणारा पाय, तोंडात वेणी. "ही इथे काय करतेय?" त्या ताडकन उठून म्हणाल्या. "हिला तर मी तुमच्याकडे पाठवली होती!"

"माझ्याकडे?" मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "या मुलीला मी आज प्रथम बघतेय. माझ्याकडची..."

"शांतता!" पंचांनी हात वर केला. गोळीबार सुरू झाला की सभागृहात कोणी बोलायचं नाही असा नियम. त्यामुळे पुढचं सगळं भांडण दोघींना खाणाखुणांनी करावं लागलं. बाई बोटं वळवळवून दाखवत होत्या, मुख्याध्यापिकाबाई ताठ बसून डोळे मिटून दाखवत होत्या. त्यांच्या मागे बसलेल्या दुसऱ्या शाळेच्या मुलांचं स्पर्धेकडे लक्षच राहिलं नाही.

भिंगरीला यातलं काहीच दिसत नव्हतं. तिला फक्त बंदुकीचं टोक दिसत होतं आणि ते गरागरा फिरत होतं. पहिला छर्रा चारवर. दुसरा पाचावर. तिसरा पुन्हा चारवर. अजून सतरा बाकी होते. तिने बंदूक टेबलावर ठेवली, पंचांची परवानगी घेतली आणि मागे सरांकडे गेली.

"सर, सगळं हलतंय," ती कुजबुजली. तिचे डोळे भरून आले होते.

"हलणारच, बाळ."

"कप्तानताईचं हलत नाही."

"तिचंही हलतं. माझंही हलतं. जगात कुणाच्याही हातात बंदूक थांबत नाही. थांबवायला गेलं की जास्त हलते. तू ती थांबवू नकोस. हलता हलता ती मधून जाते ना?"

"जाते. दर वेळी जाते."

"मग जाताना गाठ तिला. घाई नको."

भिंगरी परत गेली. तिने पुन्हा बंदूक खांद्याला लावली. टोक डावीकडे गेलं, वर गेलं, गोल फिरून खाली आलं. ही चाल तर तिच्या ओळखीची होती! तिचा पाय असाच ठेका धरायचा, तिचं पेन असंच फिरायचं. चौदा वर्षं ती हलतच आली होती. इतर मुलींना हात थरथरला की भीती वाटायची. भिंगरीला थरथरायची घरच्यासारखी सवय होती. डावीकडे, वर, खाली, आणि मधे. तिने अर्धा श्वास सोडला आणि चाप हळूच मागे घेतला.

नऊ.

मग आठ. मग पुन्हा नऊ. एकदा दहा. एक छर्रा सहावर गेला, कारण नाकाला खरंच खाज सुटली होती. वीस छर्रे संपले तेव्हा तिचे गुण सर्वांत जास्त नव्हते, संघातही नव्हते. चौघींत ती तिसरी आली. पण फळ्यावर बेरीज लागली तेव्हा शाळा पाचवी होती, सहाव्या संघाच्या दोन गुणांनी पुढे.

सर खाली बसले आणि त्यांनी रुमाल काढला. पाचवा नंबर आल्यावर एवढं रडणारा माणूस त्या सभागृहात दुसरा नव्हता. पहिल्या आलेल्या शाळेचे शिक्षक त्यांचं सांत्वन करायला आले, त्यांनाही त्यांनी मिठी मारली. बाबांनी जाकीट काखेत मारलं होतं. जाता जाता परीक्षक त्यावरून हात फिरवून म्हणाले, "नियमात बसत नाही, पण शिलाई पाहावी तर अशी." बाबांच्या चेहऱ्यावर तेवढ्यानेच उजेड आला.

दोघी बाईंचं भांडण एव्हाना तोंडी सुरू व्हायला मोकळीक होती. पण मुख्याध्यापिकाबाईंना सभेतलं आपलं वीस मिनिटांचं वर्णन आठवलं आणि गणिताच्या बाईंना आपण चिठ्ठ्यांमध्ये मुलींची नावंच लिहिली नव्हती हे आठवलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"खोली सुतारकामाचीच राहू द्यावी म्हणते मी," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "म्हणजे नेमबाजीची."

"अगदी योग्य," बाई म्हणाल्या. "बाकी काय, झालं ते झालं."

परतीच्या बसमध्ये भिंगरी सरांशेजारी बसली. बाबा आणि इतर मुली मागे गात होते. सरांच्या मांडीवर तिची टार्गेटं होती आणि ते एकेका छिद्राकडे पुन्हा पुन्हा बघत होते. त्यांचा तो आनंद भिंगरीला बघवेना. ज्या माणसाने आपल्याला इतकं दिलं, त्याला तरी खरं सांगायला हवं.

"सर, रागावू नका. त्या चिठ्ठीतली मुलगी मी नव्हे."

"म्हणजे?"

"चिठ्ठ्या दोन होत्या. माझ्या चिठ्ठीत मी स्वस्थ बसत नाही असं लिहिलं होतं. तुम्हाला मिळाली ती दुसरीची. तुम्ही 'आलीस, बरं झालं' म्हणालात, आणि मला सांगवेना. सर, तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर."

सरांनी मांडीवरची टार्गेटं एकावर एक रचली. भिंगरी मान खाली घालून वाट बघत होती. मग ते वळले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. एक निराळीच चमक होती.

"कप्तान पुढच्या वर्षी शाळा सोडून जाणार," ते म्हणाले. "चौथी जागा पुन्हा रिकामी. भिंगरे, तासभर न हलणारी ती दुसरी मुलगी कोण?"

भिंगरी बोलणार होती. आयुष्यात कुणी प्रश्न विचारला आणि ती बोलली नाही असं झालंच नव्हतं. पण तिला बाकावरची ती मुलगी दिसली, सहाव्या कादंबरीच्या ऐन रंगात आलेली. भिंगरीने ओठ घट्ट मिटले. हात मांडीवर ठेवले. नजर समोरच्या सीटवर लावली.

"तुमच्याच वर्गातली का?"

भिंगरी गप्प.

"तुझी मैत्रीण?"

भिंगरीचा पाय हलला नाही, बोट हलेना, वेणी जागच्या जागी. बसने खड्डा घेतला, बसमधलं सगळं उडालं, भिंगरी सीटला चिकटून बसली होती. एक थांबा गेला. दुसरा गेला. शाळेचं फाटक दिसू लागलं तरी ती दगडासारखी तशीच होती.

सर तिच्याकडे बघत होते. त्यांनी एक लांब सुस्कारा सोडला आणि टार्गेटं नीट घडी करून खिशात ठेवली.

"आणि म्हणे चिठ्ठीतली मुलगी मी नव्हे!"